बर्बेरिन (दारुहळदीचा अर्क) : साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी कोणी घेतंय का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. ताज्या रिपोर्टात एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड्स २१० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत रक्त तपासू." साखरेची गोळी काही दिली नाही.

तेव्हापासून फोन उघडला की बर्बेरिन. 'निसर्गाचं ओझेम्पिक' (ते वजनासाठी गाजलेलं इंजेक्शन) काय, 'मेटफॉर्मिनला टक्कर' (डायबेटिसची नेहमीची गोळी) काय! मोबाईलला माझे रिपोर्ट कोणी दाखवले देव जाणे.

विचारायचं इतकंच की याचा खरोखर उपयोग होतो का, आणि निर्धास्तपणे घेता येतं का? कोणी घेतलं असेल तर अनुभव सांगा. 'गुण आला' एवढ्यावर थांबू नका, त्रास झाला असेल तर तोही लिहा.

टवाळखोर
'वजन उतरवा' हे बाटलीत भरून, वर हिरवं पान छापून विकलं असतं तर एव्हाना सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ घेतलं असतं.

रानभूल
मी घेतलंय, आता बंद आहे. ५०० मिग्रॅची कॅप्सूल, जेवणाआधी, दिवसातून तीनदा, असं बाटलीवर होतं. मी पहिल्या दिवसापासूनच तीन सुरू केल्या. पोटात गुडगुड, गॅस आणि मग असं बद्धकोष्ठ की विचारू नका. एकावर आणल्यावर बरं वाटलं, मग हळूहळू दोनवर गेले.

मला मोठी कॅप्सूल गिळवत नाही, म्हणून एकदा उघडून पाण्यात कालवली. तो उद्योग करू नका. भडक पिवळी पूड, आणि कडू म्हणजे घशाच्या मागे जाऊन बसते. चमचा पिवळा, बोटं पिवळी, नखांच्या कडा तर साबणाने घासूनही पिवळ्याच.

उपयोग? उपाशीपोटीची साखर थोडी उतरली, ट्रायग्लिसराइड्स बरेच उतरले. पण त्याच काळात मी रात्रीचं जेवण लवकर घ्यायला लागले होते आणि जेवणानंतर चालायलाही. श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

झोपाळू
वाचतोय.

मी_शंकेखोर
चांगला धागा. जाहिरात बाजूला ठेवून अभ्यास काय सांगतात ते बघू.

ज्यावरून 'मेटफॉर्मिनइतकंच' हे वाक्य फिरतं तो अभ्यास २००८ चा, चीनमधला. नव्याने टाइप २ डायबेटिस झालेले ३६ जण, निम्म्यांना बर्बेरिन, निम्म्यांना मेटफॉर्मिन, दोन्ही ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीन महिने. बर्बेरिनवाल्यांचं एचबीए१सी सरासरी ९.५ वरून ७.५ वर आलं आणि मेटफॉर्मिनवाल्यांचंही साधारण तसंच. आकडा दणदणीत आहे. पण तीन गोष्टी बघा. माणसं ३६. काळ तीन महिने. आणि सुरुवात ९.५ वरून! जिथून पडायला इतकी उंची आहे तिथे कुठल्याही औषधाने मोठी घसरण दिसते. पाऊलवाट, तुम्ही ६.१ वर उभे आहात. तिथून दोन अंकांनी कसं उतरणार, आणि उतरायचं तरी कशाला?

कोलेस्टेरॉलचा अभ्यास २००४ चा, तोही चीनमधलाच. ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, तीन महिने. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सुमारे २५ टक्के आणि ट्रायग्लिसराइड्स ३५ टक्के कमी झाले. तिथे मला खरी गंमत वाटली ती यंत्रणेची. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, यकृतातली त्याची निर्मितीच अडवतं. बर्बेरिनची वाट वेगळी: रक्तातून एलडीएल ओढून घेणारे यकृतावरचे रिसेप्टर ते वाढवतं. म्हणजे हे थोतांड नाही, शरीरात काहीतरी ठोस घडतं. मात्र नंतरचे बहुतेक अभ्यासही छोटे, कमी मुदतीचे आणि एकाच देशातले. पाच-दहा वर्षं घेतल्यावर हार्ट अटॅक कमी होतात का, हे सांगणारं काही हातात नाही. मेटफॉर्मिन आणि स्टॅटिनबद्दल ते आहे.

वजनाचं म्हणाल तर सगळे अभ्यास एकत्र केल्यावर सरासरी दोनेक किलो. ओझेम्पिकशी नातं लावणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायला हवी.

टवाळखोर
शंकेखोर, दोन किलो म्हणजे बाटली विकत घेतल्यावर पाकीट जेवढं हलकं होतं तेवढंच की.

उंटावरचा_शहाणा
सगळे अभ्यास औषध कंपन्यांच्या सोयीचे असतात. दारुहळद हजारो वर्षं वापरात आहे. नैसर्गिक वनस्पती आहे, केमिकल नाही. आपले पूर्वज काय मूर्ख होते? साइड इफेक्ट असते तर एव्हाना कळले नसते का?

वैद्य_मित्र
उंटावरचा_शहाणा, पूर्वजांच्या बाजूने मीच बोलतो, माझा व्यवसायच तो आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या (डायबेटिस ज्यात मोडतो त्या विकारांच्या) चिकित्सेत दार्वी, देवदार, त्रिफळा आणि मुस्ता यांचा काढा सांगितलाय. दार्वी म्हणजे हीच दारुहळद. तेव्हा साखरेशी तिचं नातं आजचं नाही, हे मान्य.

पण तो काढा आहे. चार द्रव्यांचा, रोग्याची प्रकृती, बल, अग्नी पाहून, ठरावीक काळ द्यायचा. बाटलीतली कॅप्सूल म्हणजे त्या वनस्पतीतलं एकच अल्कलॉइड वेगळं काढून, शुद्ध करून, ठासून भरलेलं. त्याला 'आयुर्वेदिक' म्हणणं आयुर्वेदावर अन्याय आहे. हजारो वर्षांचा अनुभव काढ्याचा आहे, या कॅप्सूलचा नाही. शिवाय काढा घेणारा माणूस सोबत रक्त पातळ करणारी गोळी घेत नव्हता.

गणिती
वैद्यबुवांच्या मुद्द्याला आकडा जोडतो. मुळाच्या सालीत बर्बेरिन ३ टक्के धरलं, तर दिवसाच्या १५०० मिग्रॅसाठी ५० ग्रॅम वाळलेली साल लागेल, तीही सगळा अर्क उतरला तर. एवढी साल रोज उकळून पिणारे पूर्वज असतील तर त्यांना साष्टांग.

केशरकळी
'केमिकल नाही' हे वाचून राहवलं नाही. ज्या मेटफॉर्मिनच्या नावाने बोटं मोडली जातात त्याची आजी पण वनस्पतीच आहे! गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप. त्यातल्या गॅलेजिनने साखर उतरते पण ते विषारी, म्हणून त्याच्या जवळपासची रेणूरचना शोधत शोधत मेटफॉर्मिन. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी डायबेटिसच्या रुग्णांवरच्या वापराबद्दल प्रसिद्ध केलं. म्हणजे झुडपातलं घातक ते बाजूला सारून, मोजूनमापून दिलेली गोळी. तरी ती 'केमिकल' आणि तीन अर्क कालवलेली कॅप्सूल 'नैसर्गिक'.

अवांतर: कण्हेरही नैसर्गिक आहे.

उंटावरचा_शहाणा
कण्हेर कोण खातंय? विषय भरकटवू नका.

फार्मसीवाली
पाऊलवाट, बाकी सगळं राहू दे. सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत? बीपीची, ॲसिडिटीची, झोपेची, कधीमधी घेतलेलं खोकल्याचं सिरपसुद्धा. 'ती काय नेहमीचीच' म्हणून लोक नेमकी तीच सांगायची ठेवतात.

पाऊलवाट
बीपीसाठी मेटोप्रोलॉल, आणि कोलेस्टेरॉलसाठी रात्री एटोरव्हास्टॅटिन. बाकी काही नाही. याचा त्याच्याशी काही संबंध येतो का?

फार्मसीवाली
येतो, आणि तुमच्या बाबतीत दोन्हींशी येतो. जरा लांबण लावते.

आपण गिळलेली बरीचशी औषधं मोडून बाहेर घालवण्याचं काम यकृतातली काही एन्झाइम्स करतात. त्यांना सीवायपी म्हणतात आणि पुढे आकडे-अक्षरं: ३ए४, २डी६, २सी९. बर्बेरिन या तिन्हींना ढिलं करतं. १७ निरोगी पुरुषांना ३०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, दोन आठवडे देऊन हे तपासलंय. खोकल्याच्या औषधात असतं ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन मोडण्याचं काम २डी६ कडे. त्याचं न मोडलेलं आणि मोडलेलं यांचं गुणोत्तर नऊपट झालं. मिडॅझोलम नावाचं गुंगीचं औषध ३ए४ कडे असतं, त्याचा रक्तातला एकूण अंश ४० टक्क्यांनी वाढला.

आता तुमचं बघा. मेटोप्रोलॉल मोडण्याचं काम मुख्यतः २डी६ कडे. ते मंदावलं की तुम्ही गोळी तेवढीच घेताय, पण शरीरात ती जास्त होऊन बसते. नाडी संथ, बीपी खाली, उठताना चक्कर. एटोरव्हास्टॅटिन ३ए४ कडे. तिथे अडलं तर स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. काउंटरवर लोक विचारतात, "पाय फार दुखतात, कॅल्शियम द्या." तेव्हा आधी औषधांची यादी विचारावी लागते ती यासाठी.

सगळीकडे औषध वाढतंच असंही नाही. लोसार्टन ही बीपीची गोळी २सी९ कडून बदलून घेतल्यावरच पूर्ण जोमाने काम करते. त्याच अभ्यासात तिचं हे रूपांतर कमी झालं. म्हणजे एकाच कॅप्सूलमुळे एकाची गोळी जास्त होते, दुसऱ्याची कमी पडते. अंदाजाने ठरवता येत नाही ते म्हणूनच.

आणखी कोणी जपायचं: वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणारे. किडनी बदललेले, कारण शरीराने ती नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी बर्बेरिनने वाढते आणि ती वाढली की नव्या किडनीलाच इजा. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणारे, कारण दोघांनी मिळून साखर ओढली तर घाम, थरथर, प्रसंगी शुद्ध हरपणं. ठरलेलं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचं.

झोपाळू
जाग आली. मी पण लोसार्टनवाला.

रानभूल
फार्मसीवाली, प्रतिसाद कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकतेय, चालेल ना? यातलं एकही वाक्य माझ्या बाटलीवर नव्हतं. 'गर्भवती महिलांनी सल्ल्याने घ्यावे' एवढंच, तेही भिंगातून वाचण्याजोगं.

फार्मसीवाली
खुशाल टाका. पण 'सल्ल्याने घ्यावे' नव्हे, घेऊच नये.

अबोली_
याच मुद्द्यावर लिहायला आले. मला पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) आहे आणि त्या ग्रुप्समध्ये बर्बेरिनचा सुळसुळाट आहे. इन्शुलिन रेझिस्टन्स उतरतो, पाळी नियमित होते म्हणतात. माझी झाली थोडी. पण पाळी नियमित होणं म्हणजे बीज सुटायला लागणं. वर्षानुवर्षं 'आपल्याला कुठे राहणार' म्हणत निर्धास्त असलेल्या बाईला दिवस जाऊ शकतात, आणि ते कळेपर्यंत काही आठवडे कॅप्सूल पोटात जातच असते. ग्रुपमध्ये हे कोणी बोलत नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न हाच केला, "मूल हवंय, नकोय, की ठरलं नाही?" आणि तिसऱ्या उत्तरावर कॅप्सूल बंद करायला लावली.

मी_शंकेखोर
अबोली, फार महत्त्वाचं लिहिलंत. नवजात बाळांच्या काविळीशी याचा थेट संबंध आहे. रक्तात बिलिरुबिन (काविळीतला पिवळा रंग) अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून असतं. बर्बेरिन त्याला तिथून ढकलतं. मोकळं झालेलं बिलिरुबिन तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचलं तर कायमची इजा होऊ शकते. सिंगापूरने याच भीतीने १९७८ मध्ये बर्बेरिन असलेल्या वनस्पतींवर बंदी घातली होती, ती उठायला काही दशकं गेली. मोठ्यांसाठी उठली, पण बाळ पोटात किंवा अंगावर पीत असेल तर 'नको' हा सल्ला कायम आहे.

टवाळखोर
एक भाबडा प्रश्न. मी वाचलंय की चीनमध्ये हे जुलाबावरचं औषध म्हणून विकतात. मग रानभूल यांना बद्धकोष्ठ झालं तो साइड इफेक्ट की मुख्य इफेक्ट?

रानभूल
😂 टवाळखोर, तुम्हाला होईल तेव्हा ठरवा.

मी_शंकेखोर
बरोबर वाचलंत, तिथे जंतूंच्या जुलाबावर ते वर्षानुवर्षं दिलं जातंय. साखर उतरते हे मागाहून लक्षात आलं. २००८ च्या त्या अभ्यासात साधारण तिघांतल्या एकाला पोटाचा काही ना काही त्रास झाला. काहींना बद्धकोष्ठ, काहींना उलट जुलाब.

आणखी एक नवल. तोंडाने घेतलेल्या बर्बेरिनपैकी एक टक्काही रक्तात पोचत नाही. आतड्याच्या पेशी त्याला परत बाहेर फेकतात. मग काम करतं कुठे? आतड्यातच बरंचसं, तिथल्या जिवाणूंवर आणि पित्ताम्लांवर, असं एक मत. जे थोडं शोषलं जातं ते रक्तात रेंगाळत नाही, यकृतात जाऊन साठतं, असं दुसरं. पेशींच्या पातळीवर ते एएमपीके नावाचा स्विच चालू करतं, इंधन संपत आलंय असा इशारा देणारा. मेटफॉर्मिनचंही तसंच. म्हणून कोणी दोन्ही एकत्र घेत असेल तर पोटाचे हाल दुप्पट होऊ शकतात, हेही धरून चाला.

गणिती
बाटलीवर ५०० लिहिलंय म्हणजे आत ५०० आहे असं सगळेच धरून चाललेत. अमेरिकेत मिळणारी १५ उत्पादनं तपासली तेव्हा ९ उत्पादनांत लेबलच्या ९० टक्केसुद्धा माल नव्हता. एकात तर तिसरा हिस्सा. म्हणजे 'मला काहीच झालं नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींनी कदाचित काही घेतलंच नसेल.

फार्मसीवाली
कमी असणं हा सौम्य प्रकार. नको ते जास्त असणं वाईट. 'हर्बल' म्हणून विकलेल्या साखरेच्या कॅप्सूलमध्ये न सांगता ग्लिबेनक्लेमाइड हे डायबेटिसचं औषध मिसळलेलं सापडलंय. वजनाच्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध, जे हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये बाजारातून काढून घेतलं होतं. एखादी वनस्पती चार दिवसांत चमत्कार दाखवायला लागली की मला आनंद होत नाही, संशय येतो.

आणि 'बर्बेरिन प्लस' असलं काही असेल तर मागची यादी वाचा. दालचिनी अर्क, गुडमार, क्रोमियम, ग्रीन टी अर्क, मिरीतलं पायपरीन. ग्रीन टीचा अर्क कॅप्सूलमध्ये भारी डोसने घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फॅटी लिव्हर असलेल्याने तर तो चहा म्हणून कपातूनच घ्यावा. पायपरीन घालतात शोषण वाढावं म्हणून, पण ते तुमच्या इतर गोळ्यांचंही शोषण वाढवू शकतं.

उंटावरचा_शहाणा
मग काय, भेसळ होते म्हणून सगळ्याच वनस्पती वाईट? माझे मेहुणे दोन वर्षं घेताहेत, ठणठणीत आहेत.

वैद्य_मित्र
ठणठणीत असतील आणि राहोत. पण रक्त तपासलंय का त्यांनी? साखर, क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स? ठणठणीत असणं आणि तसं वाटणं यात कधीकधी एका रिपोर्टचं अंतर असतं. वनस्पती वाईट असं इथे कोणी म्हटलेलं मला तरी दिसलं नाही.

उंटावरचा_शहाणा
विचारतो.

सोनटक्का
मी उलट बाजू मांडते, कारण धागा वाचून कोणाला वाटेल की घेणारे सगळे वेडेच. मला स्टॅटिनने स्नायू इतके दुखायचे की जिना चढवेना. दोन वेगळी स्टॅटिन्स बदलून पाहिली. शेवटी माझ्या डॉक्टरांनीच बर्बेरिन सुचवलं, दुसरं औषध काही चालू नव्हतं म्हणून. ५०० दिवसातून दोनदा, आधी यकृताची तपासणी, मग तीन महिन्यांनी सगळं परत. एलडीएल कमी झालं, स्टॅटिनइतकं नाही, पण दिसण्याजोगं. वर्षभर घेतेय. त्रास नाही. तेव्हा योग्य माणसाला, योग्य कारणासाठी, कोणाच्या तरी नजरेखाली दिलं तर जागा आहे त्याला.

मी_शंकेखोर
सोनटक्का, +१. हा अनुभव इथे यायलाच हवा होता.

पाऊलवाट, तुमच्या ६.१ साठी मला सगळ्यात भक्कम वाटतो तो बर्बेरिनचा अभ्यास नव्हेच. अमेरिकेत उंबरठ्यावरच्याच तीन हजारांवर लोकांवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका गटाला मेटफॉर्मिन, एका गटाला औषध नसलेली नुसती गोळी आणि एका गटाला ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. नुसत्या गोळीच्या तुलनेत मेटफॉर्मिनने डायबेटिस होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी केलं, चालणाऱ्यांमध्ये ५८ टक्क्यांनी. तुमचे डॉक्टर जे एका वाक्यात बोलले ते त्यावरूनच.

टवाळखोर
बाटलीत भरा, म्हटलं ना.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फार्मसीवाली यांनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांचा मुद्दा विचारला. म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे घेतात आणि सांगत नाहीत. तुम्हाला मेटोप्रोलॉलबरोबर नको." आता चालणं सुरू केलंय. तीन महिन्यांनी आकडा हलला नाही तर मेटफॉर्मिनचा विचार करू असं ठरलं.

एक राहिलं. त्यांच्याच वेटिंग रूममध्ये एकाने सांगितलं की आता डायहायड्रोबर्बेरिन आलंय, ते 'जास्त सुधारित' आणि त्याने पोटाला त्रास नाही. ते वेगळं आहे का?

मी_शंकेखोर
आतड्यातले जिवाणू बर्बेरिनचं जे रूप करतात तेच ते, आयतं करून विकलेलं. रक्तात जास्त पोचतं, म्हणून डोस लहान. पण हे तपासलंय ते अगदी मोजक्या माणसांवर. आणि शोषल्यावर त्याचं पुन्हा बर्बेरिनच होतं. तेव्हा मेटोप्रोलॉलचा प्रश्न आहे तिथेच राहतो, वाढूही शकतो.

फार्मसीवाली
हेच म्हणणार होते. झोपाळू, तुम्ही लोसार्टनबरोबर दुसरं काय घेता ते अजून लिहिलं नाहीत.

झोपाळू
थांबा, डबा आणतो.